लक्षण आणि लक्षणा

'तेच चालू' या दोन शब्दांइतके निर्दय शब्द भाषेत दुसरे नाहीत, असे शंकासुराचे मत होते. वॉर्डात रोज सकाळी फेरी होई, आणि फेरी संपली की प्रत्येक रुग्णाच्या कागदावर हे दोन शब्द उमटत: कालची औषधे आजही द्यावीत. पूर्वी ते निदान हाताने लिहावे लागत, त्यामुळे लिहिताना क्षणभर का होईना, माणूस थांबे. आता संगणकावर त्यासाठी बटण होते. ते दाबले की काल आज होई. जुन्या मासिकांतल्या कादंबऱ्यांवर छापलेले असे तसे, मागील पानावरून पुढे चालू. फरक एवढाच की तिथे संपादक पुढचे पान वाचून मग छापत.

हे मत ती कुणाला सांगत नसे. त्या इमारतीत मते मांडण्याची मुभा केवळ भिंतींना होती, आणि भिंतींवर सध्या औषधसुरक्षा पंधरवड्याचे फलक होते.

शंकासुर ही मेडिसिन विभागातली दुसऱ्या क्रमांकाची डॉक्टर. प्रत्येक निदानाला शंका काढते म्हणून निवासी डॉक्टरांनी हे नाव ठेवले होते. असुर पुल्लिंगी आणि डॉक्टर बाई. नावापेक्षा व्याकरणाची ही हेळसांड तिला अधिक खुपे. तिच्या घरी एक आख्खी भिंत पुस्तकांची होती. त्यांत वैद्यकाची थोडी, आणि कोश, व्याकरणे, काव्यशास्त्रावरचे जुने ग्रंथ पुष्कळ. माणूस काय बोलतो आणि त्यातून काय सांगतो, याचा तिने आयुष्यभर अभ्यास केला होता. म्हणूनच पुढे जे घडले ते तिला स्वतःला क्षमा करता येण्याजोगे वाटले नाही.

त्या सकाळी फेरी खिडकीजवळच्या खाटेपाशी आली. खाटेवर गणिताच्या बाई होत्या. शाळेत तीस पोरांना एका नजरेने गप्प करणारी ही बाई आता उशीवरून मान उचलतानाही दमत होती. विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, तिला काही आठवड्यांपूर्वी बाहेरच्या तपासणीत पाहिले होते. अशक्तपणा, वजन घटलेले, थायरॉइडचा आकडा जेमतेम सीमेबाहेर. त्यांनी थायरॉइडची गोळी सुरू केली. बाई उठून बसण्याऐवजी आडवी झाली, आणि शेवटी वॉर्डात आली.

"काय म्हणतात आमच्या बाई?" सरांनी विचारले. सर प्रश्न रुग्णाला विचारत आणि बघत निवासी डॉक्टरकडे.

"रात्री पुन्हा उलट्या झाल्या, सर. उभं राहिलं की चक्कर येते. बीपी कमी, सोडियम कमी. पोटॅशियम थोडं जास्त आहे, पण नमुना नीट घेतला गेला नसावा."

"जेवायचं नाही आणि मग चक्कर येते म्हणायचं," सर प्रेमळपणे म्हणाले.

खाटेच्या पायथ्याशी बाईंची नणंद उभी होती. विमा कार्यालयात काम करणारी, बोलायला सुटली की फुलस्टॉप विसरणारी. "डॉक्टरसाहेब, ही अशी नव्हती हो. वर्षभरात बघा ना काय रया गेली. काळजीनं नुसती काळवंडलीय."

"कसली काळजी?" सरांचे डोळे लकाकले.

"माझा भाऊ. हिचा नवरा. अर्धांगानं अंथरुणाला खिळलाय. त्याचं सगळं हीच करायची, वर शाळा, वर पेपर तपासायचे..."

"ऐकलंत?" सर मागे उभ्या असलेल्या ताफ्याकडे वळले. "निदान प्रयोगशाळेत नसतं, घरात असतं. नैराश्य आहे. त्यात थायरॉइड मंद. गोळी दुप्पट करा. बाकी तेच चालू."

"सर," शंकासुर म्हणाली, "गोळी सुरू झाल्यापासून त्या जास्तच खालावल्यात. दुप्पट करण्याआधी काही दिवस बंद करून पाहिली तर?"

"मॅडम, साप साप म्हणून भुई धोपटायची सवय सोडा आता."

"धोपटणारा निदान खाली बघतो तरी, सर."

मागच्या रांगेत कुणीतरी हसू खोकल्यात लपवले. सर मात्र उघड हसले. त्यांचे हसणे संस्थेच्या शिक्क्यासारखे होते. ते पडले की विषय मंजूर होई. फेरी पुढच्या खाटेकडे गेली. उलट्यांचे कारण नैराश्य, वजनाचे कारण उपास, सोडियमचे कारण उलट्या, पोटॅशियमचे कारण सुई, आणि रयेचे कारण नवरा. प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र कारण मिळाले की सगळ्यांचे मिळून एक कारण शोधण्याची जबाबदारी कुणावरच उरत नाही. अज्ञानाचेही असे एक सुबक वाटप असते.

दोन दिवस गेले. गोळी दुप्पट झाली होती, आणि बाई निम्मी. दुपारी वॉर्ड सामसूम असताना शंकासुर कुणाला न सांगता खिडकीजवळच्या खाटेपाशी आली. तिच्याजवळ निदान नव्हते. कुसळ रुतावे तशी शंका होती फक्त. तिथे जेवणावरून नणंद-भावजयीची जुंपली होती.

"वन्सं, हे जेवण आहे की शिक्षा?" बाई क्षीण आवाजात म्हणत होत्या. "सगळं अळणी."

नणंद शंकासुराकडे वळली. "बघा डॉक्टर. एरवी मला नावानं हाक मारते, आणि टोमणा मारायचा असला की वन्सं. आणि दवाखान्याचं सोडा, घरी मी करते तेही हिला अळणीच लागतं. चमच्यानं मीठ घेते वरून! इथं यायच्या आधी तर फडताळाशी उभी राहून नुसतं मीठ चाटत होती. मांजराला दुधावर पकडावं तसं पकडलं मी."

"खाल्ल्या मिठाला जागते मी," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला अजून घराबाहेर काढलं नाही."

शंकासुर हसली, आणि हसता हसता थांबली. "मीठ? कधीपासून?"

"झाले की कित्येक महिने. तेव्हापासूनच तर काळवंडायला लागली. सांगितलं ना मी परवा."

"काळजीनं," शंकासुर म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून आपोआप आला. म्हणीचा अर्धा भाग कुणी म्हटला की उरलेला अर्धा ऐकणाऱ्याच्या तोंडून यावा तसा.

"काळजीनं हे आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं हो!" नणंद उसळली. "पण काळी पडलीय ती खरंच. मी काय कविता करतेय?"

वॉर्डातला पंखा फिरत होता, समोरच्या खाटेवरची म्हातारी घोरत होती. मग शंकासुराने तो प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला एका क्षणाहून अधिक वेळ लागला नसता.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? हात बघा की."

बाईंनी तळहात उघडले. त्यांवरच्या रेषा कुणीतरी मऊ पेन्सिलीने गिरवल्यासारख्या काळपट होत्या. बोटांची पेरे, कोपरे, सगळीकडे तोच रंग. शंकासुराने घड्याळ काढायला लावले. पट्ट्याखालची कातडी, जिला वर्षानुवर्षे ऊन लागले नव्हते, तीही तितकीच सावळी. ओठ बाजूला करून पाहिले तर हिरड्यांवर शाईचे डाग. पोटावर अपेंडिक्सच्या गेल्या वर्षीच्या शस्त्रक्रियेचा व्रण होता. तो भोवतालच्या कातडीहून गडद तपकिरी झाला होता.

"मला वाटलं, बरं झालं," बाई म्हणाल्या. "आयुष्यरेषा इतकी ठळक झाली म्हणजे शंभरी गाठणार."

शंकासुराला हसता आले नाही. जुने काव्यशास्त्र सांगते की शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा. सरळ अर्थ बाजूला सारून लांबचा अर्थ घ्यावा लागतो ती लक्षणा. पण लक्षणेकडे जाण्याची एक अट शास्त्रकारांनी घालून ठेवली आहे: आधी सरळ अर्थ लागू पडत नाही हे दिसले पाहिजे. एका नणंदेने 'काळवंडली' असे लक्षण सांगितले. एका वॉर्डभर शिकलेल्या माणसांनी त्यात लक्षणा ऐकली आणि सरळ अर्थ लागू पडतो का हे बघण्यासाठी कुणी मान खाली घातली नाही. सरांचे समजू शकत होते. सरांनी आयुष्यात टाचणांखेरीज काही वाचले नव्हते. पण ती स्वतः? तिच्याकडे तर त्या विषयाची आख्खी भिंत होती.

आता सगळे एका ओळीत आले. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. रक्तदाब टिकवणारे, मीठ धरून ठेवणारे, आजारपणाचा आणि ताणाचा मार सोसायचे बळ देणारे कॉर्टिसॉलसारखे स्टिरॉइड रस त्या तयार करतात. क्वचित कुणाच्या त्या मरत जातात. मेंदू त्यांना आज्ञांवर आज्ञा सोडतो, आणि त्या व्यर्थ आज्ञांचा रंग कातडीवर चढतो. ॲडिसनचा आजार. थायरॉइडचा आकडाही त्यापायीच थोडा चढतो. आणि अशा माणसाला थायरॉइडची गोळी द्यायची म्हणजे तळ गाठलेल्या टाकीला मोठा पंप लावायचा. जे काही थेंब उरलेले असतील तेही तो ओढून घेतो.

"सिस्टर, उद्या सकाळची थायरॉइडची गोळी देऊ नका," तिने सांगितले.

"मॅडम, संगणकात आहे ती. नाही दिली तर लाल दिवा लागतो. बंद तुम्हीच करा ना."

तिने करून पाहिली. पडद्यावर अक्षरे आली: 'आपणांस हा अधिकार नाही.' युनिट सरांचे, गोळी सरांची. सर वरच्या मजल्यावर औषधसुरक्षा समितीच्या बैठकीत होते. समितीचे अध्यक्षही तेच होते. विधात्यालाही कधीकधी नाटककंपनी चालवावीशी वाटत असावी.

बैठकीच्या खोलीत गारवा होता आणि टेबलावर दोन बिल्ले ठेवलेले होते. पंधरवड्याच्या समारोपाला बिल्ला हिरवा असावा की निळा, यावर चर्चा चालली होती. त्याआधी एक ठराव एकमताने संमत झाला होता: कुठल्याही रुग्णाला स्टिरॉइड लिहिले की संगणक ते पाच दिवसांनी आपोआप थांबवील. दुष्परिणाम टळतील, आणि आकडेही चांगले दिसतील.

"या मॅडम," सर म्हणाले. "तुमची शंका कोणत्या रंगाची?"

"काळ्या, सर." तिने उभ्या उभ्या सगळे सांगितले: मीठ, हिरड्या, व्रण, पोटॅशियम. "गोळी आत्ता बंद करायला हवी. कॉर्टिसॉलसाठी रक्त घेऊन लगेच हायड्रोकॉर्टिसोन सुरू करायला हवं."

"रिपोर्ट येऊ दे. मग बघू."

"रिपोर्ट बाहेरून येतो, सर. तीन दिवस लागतात. बाई तेवढं थांबतील असं मला वाटत नाही."

"मॅडम, स्टिरॉइड? आणि या पंधरवड्यात?" सरांनी समितीकडे पाहिले. समिती मंद हसली. "सकाळीच त्याच्या गैरवापरावर माझं भाषण झालं."

"भाषण ऐकलं मी. गैरवापर टाळण्यासाठी वापरच टाळा, असं त्यात नव्हतं."

"सावळ्या माणसांच्या देशात रंगावरून निदान करायचं म्हणजे..." सर हात झटकून म्हणाले. "नवरा अंथरुणाला खिळलाय तिचा. त्या बाईला आधार द्या, आजार देऊ नका."

टाळी घेण्याजोगे वाक्य होते. कुणी टाळी वाजवली नाही ती केवळ शंकासुराचा फोन वाजला म्हणून. निवासी डॉक्टर होती. तिचा आवाज चिरकत होता. "मॅडम, खिडकीजवळच्या बाई. स्वच्छतागृहात नेताना कोसळल्या. बीपी लागत नाहीये."

फोनवरचे शब्द खोलीत सगळ्यांना ऐकू गेले. सर म्हणाले, "सलाइन लावा, मी येतोच." आणि निळ्या बिल्ल्याला अनुमोदन देऊन मग उठले.

शंकासुर जिन्याने धावत पोहोचली तेव्हा बाईंना खाटेवर घेतले होते. अंग घामाने थबथबलेले, डोळे अर्धवट. नणंद पडद्याशी बाईंच्या चपला हातात धरून उभी होती.

"रक्त घ्या. ती बाटली कॉर्टिसॉलची. मग हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून, लगेच. सलाइन जोरात सोडा. साखर तपासा."

निवासी डॉक्टरच्या हातात सुई होती, ती थबकली. "सरांना विचारू का, मॅडम?"

"विचारा ना. पण आधी टोचा."

"औषध कुणाच्या नावावर लिहू?" सिस्टरने आणीबाणीची ट्रॉली उघडत विचारले.

"माझ्या. ठळक अक्षरात लिहा."

इंजेक्शन गेले. पुढचा वेळ काहीच घडले नाही, आणि काहीच न घडणे पाहत उभे राहणे हा वैद्यकातला सर्वांत अवघड भाग असतो. नणंद खाटेशी आली आणि वहिनीच्या कानाशी वाकली. "वहिनी, ए वहिनी. वन्सं म्हण ना गं. एक टोमणा तरी मार."

सर आले, उभ्या उभ्या कागद पाहिला, भुवया उंचावल्या आणि काही न बोलता गेले. ते काही बोलले नाहीत याचा अर्थ शंकासुराला पुरेपूर कळला. बाई मेली तर इंजेक्शन शंकासुराचे. जगली तर निदान विभागाचे.

उजेड कलायला लागला तसे नाडीला हळूहळू वजन आले. बीपीचे यंत्र, जे इतका वेळ नुसते फुसफुसत होते, त्याने एक आकडा दाखवला, मग त्याहून बरा. बाईंनी डोळे उघडले.

"वन्सं," त्या पुटपुटल्या, "कानात ओरडू नका. हा काय वर्ग आहे?"

नणंद पडद्याआड जाऊन मनसोक्त रडली.

रिपोर्ट आला. कॉर्टिसॉल जवळपास नव्हतेच. तोवर बाई खाटेवर बसून वर्तमानपत्रातल्या कोड्यातल्या चुका काढत होत्या. विभागाच्या साप्ताहिक सभेत सरांनी स्वतः हा रुग्ण मांडला. शीर्षक होते: 'दुर्मिळ आजार, सजग नजर'. पडद्यावर बाईंचा तळहात भिंतीएवढा मोठा दिसत होता. "आम्हाला ठाऊक आहे," सर तरुण डॉक्टरांना म्हणाले, "की रुग्णाचे नातेवाईक काय सांगतात ते शब्दशः ऐकावं." शंकासुराने हे वाक्य ऐकले आणि निर्लज्जपणालाही शैली असू शकते, हे मान्य केले.

भाषण संपल्यावर ती उठली. "थायरॉइडच्या गोळीचा उल्लेख राहिला, सर."

"वेळेअभावी," सर म्हणाले, आणि सभागृह चहाकडे वळले.

तिने मग औषधसुरक्षा समितीला रीतसर लिहिले: अमुक गोळी, अमुक रुग्ण, अशी प्रकृती ढासळली, इतरत्र घडू नये म्हणून सर्वांना कळवावे. समितीचे उत्तर तत्परतेने आले. 'रुग्ण पूर्ण बरा झाला असल्यामुळे हानी झाल्याचे सिद्ध होत नाही.' हे वाक्य तिने दोनदा वाचले. तर्कशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात ते हेत्वाभासाच्या प्रकरणात उदाहरण म्हणून शोभले असते. जो मेला तो आजाराने मेला, जो जगला त्याला इजा झालीच नाही. अशा व्यवस्थेत हानीला जन्मच घेता येत नाही.

"आणि हे बघा," सरांनी तिला मार्गिकेत गाठून सौम्यपणे सांगितले, "रुग्णाला उगाच घाबरवू नका. बरं झालेलं माणूस आहे. जुनी मढी उकरून कुणाचं भलं झालंय?"

"मढं झालं असतं तर उकरायला आलंच नसतं, सर," ती म्हणाली आणि थेट खिडकीजवळच्या खाटेपाशी गेली.

तिने सगळे सांगितले. आजार काय, गोळीने काय केले, ती कुणी दिली, दुप्पट कुणी केली. आणि शेवटी, जरा अडखळून: "तुमच्या नणंदेनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तिथंच उभी होते. मीही ऐकलं नाही."

नणंदेचा चेहरा लाल झाला. "म्हणजे औषधानंच मारत होते तिला? आणि मी रोज सकाळी उठवून, लाडीगोडी लावून ती गोळी..."

"थांबा, वन्सं." बाईंनी स्वतःचे तळहात मिटले. मग म्हणाल्या, "आमच्याकडे काही पोरं अशी असतात. उत्तर बरोबर लिहितात, पण मधली पायरी चुकलेली असते. कधी शेजाऱ्याचं बघून, कधी दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं म्हणून. मी त्यांचे गुण कापते. पालक भांडायला येतात, उत्तर तर बरोबर आहे ना बाई! मी सांगते, पुढच्या गणितात हीच पायरी त्याला बुडवणार आहे."

"तुमच्या पुढच्या गणितासाठीच सांगते," शंकासुर म्हणाली. "स्टिरॉइडची गोळी तुम्हाला जन्मभर घ्यायची आहे. तुमचं शरीर जे बनवत नाही तेच आपण बाहेरून देतोय; ते औषध नाही, उसनं मीठ समजा. ताप आला तर दुप्पट. उलटी होऊन पोटात राहिली नाही तर लगेच दवाखान्यात, इंजेक्शनसाठी. कुणीही, कितीही मोठ्या पाटीचा डॉक्टर असो, बंद कर म्हणाला तरी बंद करायची नाही. आणि थायरॉइडची गोळी तुम्हाला आत्ता नको आहे."

"म्हणून दाखवू?" बाईंनी विचारले, आणि पाढा म्हणावा तसे सगळे परत म्हणून दाखवले. नणंदेकडूनही म्हणवून घेतले. नणंद दुप्पट आणि दुसऱ्यांदा यांत गोंधळली तेव्हा तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावले.

घरी जायचा दिवस उजाडला. निरोपाचा कागद संगणकातून छापून आला, त्यावर सरांची सही झाली, आणि तो घेऊन नणंद-भावजय खाली औषधाच्या खिडकीशी गेल्या. शंकासुर तेव्हा वॉर्डात फेरीच्या मागच्या रांगेत उभी होती. सर विद्यार्थ्यांना नाडी कशी धरावी ते सांगत होते.

दारातून गणिताच्या बाई आत आल्या. स्वतःच्या पायांनी, भिंतीचा आधार न घेता. मागे नणंद. बाई थेट सरांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी कागद पुढे धरला. तीस पोरांना गप्प करणारी नजर परत आलेली होती.

"ही सही आपलीच का?"

"हो. काय झालं?"

"इथं लिहिलंय, स्टिरॉइडची गोळी पाच दिवस. आणि खाली, थायरॉइडची गोळी, दुप्पट मात्रा, चालू. खिडकीवरच्या माणसानं मला पाच दिवसांच्याच गोळ्या दिल्या. मी जास्त मागितल्या तर म्हणतो, कागदावर नाहीत."

विद्यार्थी आधी कागदाकडे, मग सरांकडे पाहू लागले. काय घडले ते शंकासुराला जागच्या जागी समजले. समितीचा ठराव संगणकात बसला होता. आणि थायरॉइडची गोळी वॉर्डात देणे तिने आणि सिस्टरने थांबवले होते खरे, पण सरांखेरीज कुणाला ती मुळातून पुसता येत नव्हती आणि सरांना ती पुसायला वेळ झाला नव्हता. कुणीही काहीही केले नव्हते. कुणीतरी बटण दाबले होते, आणि काल आज झाला होता.

"हे..." सर म्हणाले, "हे लेखनिकाचं काम असतं. छपाईतली चूक."

"मला कुणी सांगितलं नसतं तर सहाव्या दिवशी मी काय केलं असतं?"

सरांनी लेखनिक कुठे दिसतो का ते पाहिले.

"काही नाही," उत्तर बाईंनीच दिले. "कागदावर संपली म्हणून आनंदानं थांबवली असती. मग पुन्हा कोसळले असते, आणि ही सगळ्यांना सांगत सुटली असती, काळजीनं गेली म्हणून."

"मी कशाला सांगू तसं?" नणंद दुखावून म्हणाली. "मी आता तो शब्दच टाकलाय."

सरांनी खिशातून पेन काढले. "द्या इकडे. दुरुस्त करतो."

"कागद करा. आणि त्यातही करा," बाईंनी संगणकाकडे बोट दाखवले. "मी थांबते. खुर्ची आहे का?"

कुणीतरी खुर्ची आणली. सर पडद्यासमोर बसले. त्यांना स्वतःचा परवलीचा शब्द आठवेना. इतकी वर्षे तो शब्द निवासी डॉक्टरच टाकत. आताच्या निवासी डॉक्टरने हळूच तो सांगितला, सगळ्यांसमोर. थायरॉइडची ओळ पुसली गेली. पाच दिवसांच्या जागी 'जन्मभर' लिहायला गेले तर संगणकाने तो शब्द स्वीकारला नाही. त्याला आकडा हवा होता. बरीच खटपट झाली. शेवटी सरांनी नव्याण्णव वर्षे असे लिहिले, आणि बाईंनी दोन्ही औषधे मोठ्याने वाचून घेऊन मगच कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

"आयुष्यरेषा बरोबर होती म्हणायची," त्या शंकासुराला म्हणाल्या. मग जरा आवाज उतरवून: "पण डॉक्टर, ज्याला पायऱ्या तपासता येत नाहीत त्यानं काय करायचं हो?"

 शंकासुराकडे याचे उत्तर असते तर तिने ते समितीला लिहिले असते, आणि समितीने ते तत्परतेने परत केले असते. वरच्या मजल्यावर ठराव तसाच उभा होता. या एका ओळीपुरता तो हरला होता, उद्याच्या प्रत्येक ओळीत तो पुन्हा जिंकणार होता. दोघी गेल्या. मार्गिकेतून नणंदेचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि अधूनमधून, स्पष्टपणे, 'वन्सं'.

सर उठले, कोट सारखा केला, आणि फेरी पुढच्या खाटेकडे सरकली. तिथे एक वयस्क गृहस्थ डोळे मिटून पडले होते. शेजारी त्यांचा मुलगा, त्रासलेला, जागरणाने तांबारलेला.

"काय होतंय?" सरांनी निवासी डॉक्टरकडे पाहत विचारले.

"काय सांगू डॉक्टर," मुलगाच म्हणाला. "बाबांचं डोकं फिरलंय अगदी."

मागच्या रांगेत कुणीतरी हसले. सरही हसले, आणि निवासी डॉक्टरचे बोट सवयीने बटणाकडे गेले.

शंकासुर रांग मोडून पुढे झाली आणि खाटेवर वाकली.

"कोणत्या बाजूला फिरतं?" तिने विचारले.

मुलाला वाटले ती थट्टा करते आहे. म्हाताऱ्याने मात्र डोळे उघडले, तिच्याकडे नीट पाहिले, आणि हात हळूहळू उचलून डावीकडे वळवून दाखवला.